पानगळीतले काश्मीर : झेलमबरोबर उतरणारी पाच दिवसांची सहल

काश्मीरला जायचे ते एप्रिलमध्ये ट्यूलिप फुलल्यावर, मे महिन्यात मुलांना सुट्टी लागल्यावर, नाहीतर जानेवारीत बर्फात खेळायला, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे. पण खुद्द काश्मिरी माणसाला विचारा. तो म्हणेल, ‘हरुद’मध्ये या! हरुद म्हणजे तिथला शरद ऋतू. ऑक्टोबर उजाडला की खोऱ्यातले अक्रोड, सफेदा आणि विलोची झाडे पिवळी पडू लागतात. त्यांच्या मागोमाग चिनार रंगतो. आधी पिवळा, मग नारिंगी, मग तांबूस आणि शेवटी थेट विटेच्या रंगाचा! नोव्हेंबरच्या मध्यानंतर हे सारे वैभव जमिनीवर उतरलेले असते.

हा रंग येतो कसा? थंडी वाढून दिवस लहान होऊ लागले की पानांतले हरितद्रव्य विघटित होते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडक गारवा असेल, तर तो अधिक खुलतो. म्हणूनच दरवर्षीचा रंग सारखा नसतो आणि त्याच्या तारखाही थोड्याफार मागेपुढे सरकतात.

आधी दिवाळीची तारीख पाहा

कुटुंबासह जायचे म्हणजे बहुतेकांना दिवाळीची सुट्टी हाच मुहूर्त. पण दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, तर कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. 2025 साली ती 20-21 ऑक्टोबरला होती, तर 2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला येते. या फरकावरच सहलीची आखणी करायला हवी.

कारण पानगळ डोंगरावरून खाली उतरत येते. उंचावर थंडी आधी पोहोचते, म्हणून रंगही तिथे आधी चढतो. सुमारे 2,400 मीटर उंचीच्या डकसुमला झाडे पिवळी होतात, तेव्हा 1,600 मीटरवरच्या श्रीनगरचे चिनार बरेचसे हिरवेच असतात. दिवाळी लवकर असेल तर मुक्काम उंचावर, कोकरनाग-पहलगामच्या बाजूला अधिक ठेवावा. दिवाळी उशिरा असेल तर सखल भागातल्या चिनारांकडे मोर्चा वळवावा. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा मिळाला, तर दोन्हींचा लाभ होतो आणि शिवाय केशराची फुलेही पाहायला मिळतात.

आणखी एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. झेलम नदी दक्षिण काश्मीरमध्ये उगम पावून श्रीनगरकडे वाहत येते. तिच्याबरोबर उगमाकडून खाली उतरत आलो, तर पानगळीचाच क्रम आपल्याला गवसतो. या वाटेवर पर्यटकांच्या गाड्या बहुधा न थांबता निघून जातात. आपण मात्र थांबायचे!

वेरीनाग ते अच्छाबल

जम्मूहून रस्त्याने येणारा बनिहाल-काजीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा संपला की खोरे सुरू होते. तिथून जवळच वेरीनाग आहे. झेलमचा उगम म्हणून मानला जाणारा हा झरा. जहांगीर बादशहाने त्याभोवती अष्टकोनी दगडी कुंड बांधून घेतले. निळसर-हिरव्या पाण्यात मासे फिरत असतात आणि कुंडातून निघालेला पाट बागेतून पुढे जातो. ‘नदी कुठून सुरू होते?’ या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे त्यांच्या पायाशी असते.

वेरीनागहून कोकरनागला जावे. इथेही झरेच झरे, शिवाय ट्राउट माशांचे सरकारी पैदास केंद्र. कोकरनागपासून तासाभरावर डकसुम. ब्रिंगी नदीच्या काठाचे हे देवदारांचे रान. देवदार हिरवेच राहतात, पण त्यांच्या गर्द हिरव्यामध्ये मधूनमधून पेटलेली पिवळी झाडे अधिक उठून दिसतात. पुढे हाच रस्ता सिंथन खिंडीवर चढतो. खिंड साडेतीन हजार मीटरहून उंच असल्याने बर्फ पडताच वाट बंद होते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असताना तिकडे जाण्याचा हट्ट नको.

परतताना अच्छाबल. मोगलांची ही बाग नूरजहानच्या नावाशी जोडलेली आहे. डोंगराच्या पायथ्यातून उसळणारा झरा, त्यावरचा धबधबा आणि कडेचे थोराड चिनार, असे हे चित्र. श्रीनगरच्या निशात आणि शालिमार बागांच्या तुलनेत इथे गर्दी पुष्कळच कमी. डबा सोडून निवांत जेवायला ही उत्तम जागा!

मट्टन, बिजबेहारा आणि संगम

अनंतनागहून पहलगामकडे जाताना मट्टन लागते. गावावरच्या पठारावर मार्तंड सूर्यमंदिराचे भव्य अवशेष आहेत. आठव्या शतकात राजा ललितादित्याने हे मंदिर बांधले. करड्या दगडांचे खांब आणि खाली पसरलेले पिवळे खोरे पाहायचे तर दुपार कलल्यावर जावे.

झेलमच्या काठचे बिजबेहारा हे चिनारांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. इथली पादशाही बाग दारा शुकोहच्या नावाने सांगितली जाते. शेकडो वर्षांचे काही चिनार इथे असे आहेत की चार-पाच जणांनी हात जोडले तरी बुंधा कवेत येत नाही. वेरीनागला पाहिलेला झरा इथे रुंद नदी होऊन वाहताना दिसतो.

पुढे महामार्गावर संगम येते. इथे मुलांना गाडीतून उतरवावेच लागणार नाही, ती आपणहून उतरतील! दुतर्फा क्रिकेटच्या बॅटींचे कारखाने आणि दुकाने आहेत. विलोच्या लाकडाच्या फळ्या वाळण्यासाठी रचून ठेवलेल्या दिसतात. आपल्या गल्लीतल्या ‘काश्मीर विलो’चे मूळ घर ते हेच.

अवंतीपुरा, पांपोर आणि नसीम बाग

श्रीनगरच्या अलीकडे सुमारे 30 किलोमीटरवर अवंतीपुरा आहे. नवव्या शतकातल्या अवंतिवर्मा राजाने बांधलेल्या मंदिरांचे अवशेष अगदी रस्त्यालगत आहेत. अर्धा तास पुरतो.

त्यानंतर पांपोर. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथल्या उघड्याबोडक्या माळावर जांभळी केशरफुले उगवतात. कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी फुले वेचताना दिसतील. एका फुलात लाल केसर निघतात फक्त तीन. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात, म्हणजे ते महाग का, हे कुणी सांगायला नको. काश्मिरी केशराला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळाले. घेताना एक काडी कोमट पाण्यात टाकून पाहा. अस्सल केशर सावकाश पिवळा रंग सोडते आणि काडी लालच राहते. झटकन लाल पाणी झाले तर ते परत द्या! शेतात शिरण्यापूर्वी मालकाला मात्र विचारा.

शेवटचा थांबा श्रीनगरची नसीम बाग. दल सरोवराच्या काठी, हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात मोगल काळातील चिनारांची ही राई आहे. पायाखाली पानांचा गालिचा आणि त्यातून वर्गाला निघालेले विद्यार्थी! हे शिक्षणाचे ठिकाण आहे, याचे भान ठेवून फिरावे. गळलेली पाने म्हणजे तिथे कचरा नव्हे. ती गोळा करून, जाळून त्यांचा कोळसा करतात आणि हिवाळ्यात तो कांगडीत घालून ऊब घेतात. आठवण म्हणून खाली पडलेले एखादे पान जरूर उचला, पण फांदीला हात नको.

पाच दिवस कसे बसवाल?

पहिल्या दिवशी श्रीनगरला पोहोचून विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट वेरीनाग गाठून कोकरनागला मुक्काम. तिसऱ्या दिवशी डकसुम, अच्छाबल, आणि संध्याकाळपर्यंत अनंतनाग किंवा पहलगाम. चौथ्या दिवशी मट्टन, बिजबेहारा, संगम, अवंतीपुरा करून श्रीनगर. पाचव्या दिवशी सकाळी पांपोर आणि दुपारी नसीम बाग. परतीचे विमान सहाव्या दिवशीचे घ्या. जम्मूमार्गे रस्त्याने परतणार असाल तर एक दिवस हाताशी राखा. त्या महामार्गावर दरडी कोसळतात आणि याच दिवसांत सफरचंदांच्या ट्रकांची रांग असते.

आजी-आजोबांना गाडीत तासन्‌तास बसवत नसेल तर खोऱ्यातली रेल्वे आहे. ती अनंतनाग, बिजबेहारा, अवंतीपुरा, पांपोर अशीच श्रीनगरला येते. जून 2025 पासून कटऱ्याहूनही श्रीनगरला थेट रेल्वेने जाता येते.

जावे की न जावे?

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळ बैसरन येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात 26 जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्यामुळे घरातली वडीलधारी माणसे धास्तावली असतील, तर त्यात वावगे काहीच नाही. हल्ल्यानंतर सरकारने अनेक पर्यटनस्थळे बंद केली आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने उघडत गेली. म्हणून आरक्षण करण्यापूर्वी आणि पुन्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात, कोणती ठिकाणे खुली आहेत हे पर्यटन खात्याकडून विचारून घ्या. बंद ठिकाणी ‘आम्ही नेतो’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका. सुरक्षा दलांची किंवा त्यांच्या वाहनांची छायाचित्रे घेऊ नका आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचा. नोव्हेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

मन घेत नसेल तर यंदा थांबा, चिनार पुढच्या वर्षीही रंगणार आहेत. पण गेलात तर एक लक्षात ठेवा. टॅक्सीवाला, खानावळवाला, शिकारेवाला यांचे वर्ष पर्यटकांवर चालते. रद्द झालेल्या प्रत्येक आरक्षणामागे तिथेही एक घर असते.

निघताना

रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत आणि कधी त्याहून खाली उतरतो, दुपारी मात्र ऊन सुखावते. तेव्हा एकच जाड कोट नेण्यापेक्षा स्वेटर, जाकीट, कानटोपी असे एकावर एक घालता येतील असे कपडे घ्या. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड मोबाइल तिथे चालत नाहीत, निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवा. गाडी स्थानिक चालकासह ठरवा आणि थांब्यांची यादी आधीच त्याच्या हाती द्या, म्हणजे वाटेत कुरबुर होणार नाही. पहलगामच्या आसपास फिरायला तिथलीच टॅक्सी करावी लागते, तो खर्च वेगळा धरा.

आणि यादीतले दोन थांबे राहिले तर राहू द्यात! एखाद्या चिनाराखाली कहव्याचा पेला घेऊन घरच्या सगळ्यांनी तासभर बसावे, वाऱ्याबरोबर पाने खाली येताना पाहावीत. त्या तासासाठीच तर ही सहल आखायची!