'एरोव्रा' : एक स्वीडिश क्रियापद

स्वीडिश भाषेंत 'एरोव्रा' असें एक क्रियापद आहे. त्यांतील दुसरा स्वर मराठींत नाहीं. 'ए' म्हणतांना ओठ 'ओ'प्रमाणें गोल करावे, म्हणजे तो बऱ्याच अंशीं साधतो. या शब्दाचा अर्थ 'जिंकणें' असा सांगतां येईल. पण तेवढ्यानें भागत नाहीं.

आपण शत्रूला जिंकतों, गड जिंकतों आणि शर्यतहि जिंकतों. माझ्या वर्गांतील मुलें तर एकाच वाक्यांत हीं तिन्ही उरकीत! स्वीडिश भाषेला हें चालत नाहीं. शत्रूला हरविणें तें 'बेसेग्रा', शर्यत जिंकणें तें 'विन्ना', आणि नगर वा मुलूख घेऊन ताब्यांत आणणें तें 'एरोव्रा'. या क्रियापदाचें कर्म पराभूत मनुष्य नव्हे, तर हातीं आलेली वस्तु होय. म्हणून खेळाडूनें सुवर्णपदक 'एरोव्रा' केलें असें म्हणतां येतें. प्रतिस्पर्ध्याविषयीं तसें म्हणत नाहींत. १०६६ सालीं इंग्लंड घेणाऱ्या विल्यमला स्वीडिश लोक याच शब्दावरून 'विल्हेल्म एरोव्रारेन' म्हणतात.

गंमत अशी कीं, हा शब्द मूळचा स्वीडिश नाहींच. मध्ययुगांत हान्सा संघाचे जर्मन व्यापारी स्टॉकहोम, विस्बी अशा बंदरांत येऊन राहिले. त्यांच्या उत्तर जर्मन बोलींतून शेंकडों शब्द स्वीडिशांत शिरले. युद्धवाचक 'क्रीग' हा शब्दहि त्यांतलाच. 'एरोव्रा'च्या मुळाशीं 'वर' हा अर्थ आहे. जो वरचढ झाला त्यानें घेतलें. आपल्या 'पादाक्रांत' शब्दांत तीच कल्पना पायाकडून आली आहे. पण खरा जुळणारा शब्द 'काबीज'. तोहि परका, अरबी. आणि त्याचाहि रोख वस्तूवर. गड काबीज होतो, किल्लेदार होत नाहीं.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. १६५८ सालीं दहावा कार्ल गुस्ताव गोठलेल्या समुद्रावरून सैन्य घेऊन डेन्मार्कच्या राजधानीच्या बेटावर चालून गेला, आणि रोस्किल्डच्या तहानें डेन्मार्कला स्कोने, ब्लेकिंगे व हालांड हे प्रांत सोडावे लागले. तेथील लोकांना स्वीडिश वळण लागावें म्हणून १६६६ सालीं लुंड येथें विद्यापीठ स्थापन झालें. तरीहि १६७६ सालीं डॅनिश सैन्य स्कोनेंत उतरलें, तेव्हां पुष्कळ शेतकरी त्यालाच जाऊन मिळाले. स्वीडननें स्कोने 'एरोव्रा' केला, या वाक्याचें भाषांतर 'जिंकला' असें करावयास म्हणूनच माझी लेखणी अडखळते. 'काबीज केला' एवढेंच मी लिहीन.