फुकटचं ऊन, उसनं पाणी

औशाहून एका वाचकाने विचारलं आहे, ‘मे महिन्यात आमच्याकडे पारा 42 अंशांवर जातो. मग सौर पंपाने तेव्हा जास्त जोर धरायला हवा ना?’

पॅनलला उजेड लागतो, उष्णता नव्हे. त्यावर छापलेली क्षमता सेल 25 अंशांवर ठेवून मोजलेली असते. लातूर-नांदेडच्या दुपारी सेल सहज 60 अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे ताकद साधारण 0.4 टक्क्याने घटते. म्हणजे चौदाएक टक्के तिथेच गेले. भर उन्हात औताला जुंपलेला बैल मंदावतो, तसंच हे. (वर धुळीचा थर असेल तर विचारूच नका!)

उन्हावर पंप चालवायची कल्पना मात्र जुनी आहे, आणि अस्सल मुंबईची. 1870च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स यांनी कुलाब्यात सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, सगळ्यांचा झोत एका बॉयलरवर आणला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. सूर्य सरकेल तसे आरसे माणसांनी सरकवायचे! 1878 साली त्यांचं यावर पुस्तकही आलं. हे सगळं कोर्टाचे कागद सांभाळून. सौरऊर्जेच्या इतिहासात त्याच काळात उन्हावर चालणाऱ्या यंत्राने पॅरिस गाजवणाऱ्या मूशो या फ्रेंच संशोधकाचं नाव हमखास येतं. अ‍ॅडम्स मात्र त्यांच्या मुंबईलाही आठवत नाहीत.

त्यांना घोर होता महाग इंधनाचा. आपल्याला धुराचा आहे, आणि पाण्याचाही. डिझेल किंवा कोळशाची वीज जाऊन सौर पंप आला की कार्बन घटतो, यात वाद नाही. पण डिझेलचा भाव आणि रात्री-अपरात्री येणारी थ्री-फेज लाइट, या दोन गोष्टींनी उपसा थोडा तरी आवरून धरला होता. ऊन रोज येतं, दिवसा येतं आणि बिल पाठवत नाही. एप्रिल 2016मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे उसासाठी दिवसभर बोअर चालू ठेवून त्याला हवामानबदलावरचा उपाय म्हणणं मला पटत नाही.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने 2016पासून उरलेली सौर वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. तिथे पंप बंद ठेवण्याचेही पैसे मिळू लागले. आपल्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ पॅनल बसतात, शेताला दिवसा वीज मिळते. पण न वापरलेल्या युनिटमागे शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. सहकाराची एवढी सवय असलेल्या मांजरा खोऱ्यात ढुंडीचा हिशेब आधी मांडून बघायला हवा.