लेकरांना घेऊन बागेत जाताना



आज आपण घरातली लहान लेकरं, म्हणजे एक ते सहा वर्षांची, घेऊन एक दिवस बागेत जाण्याविषयी बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ते, बियाणं यावर आपण तास तास बोलतो. बागेचं नाव काढलं की मात्र कुणीतरी हसून म्हणतं, "कापूस वेचायचा सोडून बागेत काय जायचं बाई? आपली लेकरं दिवसभर मातीतच तर खेळतात!" आम्हा बोरीतल्या बायांच्या बोलण्यात हा प्रश्न बऱ्याचदा येतो. प्रश्न खोटा नाही, म्हणून आधी त्याचंच उत्तर शोधू या.

लेकरू मातीत खेळतं हे खरं. पण आपण शेतात असतो तेव्हा ते बांधावर किंवा झाडाखाली एकटं असतं, नाहीतर त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं. घरी असलं की रडू नये म्हणून हातात मोबाइल मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही गोष्टी सांगितल्या आहेत. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल झाली पाहिजे. तीन-चार वर्षांच्या मुलाचा त्यातला एक तास तरी धावण्या-उड्या मारण्यात गेला पाहिजे. दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको. धावण्याने हाडं आणि स्नायू घट्ट होतात. झोक्यावर तोल सांभाळायला येतो. रांगेत उभं राहिल्याने दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबायची सवय लागते. सोबत आई-बाप असले की लेकरू शंभर प्रश्न विचारतं, आणि त्यातूनच त्याची भाषा वाढते.

खेळणं हा मुलांचा हक्कही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क लिहिलेला आहे, आणि 1992 मध्ये आपल्या देशाने तो करार मान्य केला.

बाहेर जाणं ही शहरातल्या लोकांची हौस आहे असंही समजू नका. नागपंचमीला लिंबाच्या फांदीला झोके बांधणाऱ्या आपणच. ज्वारी हुरड्यात आली की सगळं घर शेतात जातं. लातूर-धाराशिवकडे आणि आपल्या जिल्ह्याच्या खालच्या भागात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली की अख्खी गावं रानात जेवायला जातात.

आणि ज्या अंगणवाडीत आपली लेकरं जातात, तिची मुळंही अंगणात आणि कुरणातच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी, आजच्या पालघर जिल्ह्यात, गरिबाघरच्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी खेळणी नव्हती. पानं, बिया, शिंपले, खडे हेच सामान. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडला गेलं. तिथली मुलं गुरं राखायला जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे जिथे गुरं चरतात तिथेच शाळा. उघड्यावर, झाडाखाली, हाताला लागेल त्या वस्तूंनी लहान मूल शिकतं हे या दोघींनी दाखवून दिलं.

जायचं कुठे, कसं?

बोरी परभणी-जिंतूर रस्त्यावर असल्याने आपल्याला दोन्हीकडे जाता येतं. परभणीत राजगोपालाचारी उद्यान आहे. अगदी लहान लेकरं सोबत असतील तर अशी शहरातली बाग बरी, कारण दवाखाना आणि बसस्टँड जवळ असतात. दुसऱ्या बाजूला जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, चारठाण्याची जुनी मंदिरं आहेत आणि पूर्णा नदीवरचं येलदरी धरण आहे. ही ठिकाणं मोठ्या मुलांना आवडतील. पण पायऱ्या, जुनी बारव आणि पाणी असेल तिथे दोन-तीन वर्षांच्या लेकराचा हात एक क्षणही सोडता येत नाही. पहिल्यांदाच जात असाल तर बागच धरा.

आता खर्चाचं बघू. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं. घरातले आजी-आजोबा 75 च्या पुढचे असतील तर त्यांचा प्रवास फुकट, आणि 65 ते 75 वयाच्या आजोबांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा सोबत ठेवा. जेवण घरून नेलं की वरचा खर्च थोडाच राहतो. चार-पाच घरांनी मिळून जायचं ठरवलं आणि गटात दर आठवड्याला दहा-वीस रुपये वेगळे टाकले, तर तोही जड जात नाही.

दिवस निवडताना ऊन बघा. आपल्या परभणीचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च ते जून दुपारी लेकराला बागेत नेऊच नका; न्यायचंच असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत जा. आणि लहान लेकरासाठी बागेत दोन तास पुष्कळ झाले. त्याच्या झोपेची वेळ धरून निघालात तर ते किरकिर करणार, आणि रागावणार मात्र आपण.

पिशवीत काय घ्यायचं?

उकळून गार केलेलं पाणी, दशम्या किंवा धपाटे, केळी, एक जुनी चादर, दोन जास्तीचे कपडे, टोपी, साबणाची वडी, स्वच्छ फडकं आणि ओआरएसची दोन पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नका. मीठ जास्त झालं तर ते लेकराला घातक ठरतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला पाणीसुद्धा नको. आईचं दूध पुरतं. उन्हात ते जास्त वेळा पाजायचं.

एक गोष्ट मात्र पिशवीत टाकू नका. पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके नकोत. पळता पळता खाल्लेला दाणा श्वासनळीत जातो. शेंगदाणे द्यायचेच तर कूट करून, लाडू करून द्या, आणि खाताना लेकरू खाली बसलेलं असू द्या.

तरीही घशात काही अडकलं तर काय? लेकरू जोराने खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास येत नसेल तर वेळ घालवू नका. त्याला पुढे वाकवा आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ते आपल्या हातावर पालथं धरा, डोकं खाली ठेवा आणि तशाच पाच थापा मारा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, अडकलेली वस्तू आणखी आत जाते. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन लावायला सांगा. पुढे काय करायचं ते आशाताईंकडून प्रत्यक्ष करून शिकून घ्या. नुसतं ऐकून ते जमत नाही.

बागेत गेल्यावर

आत गेल्या गेल्या एक फेरी मारा. उघडा हौद, तुटका पाळणा, काच, मोकाट कुत्री कुठे आहेत ते बघा. मग लेकरं सोडा.

घसरगुंडी लोखंडी असेल तर आधी हाताने तपासा. उन्हात ती तव्यासारखी तापते. लेकराला मांडीवर घेऊन घसरू नका. आपल्याला वाटतं ते जपणं आहे, पण लेकराचा पाय कडेला अडकतो, वरून आपलं वजन येतं आणि हाड मोडतं. त्याला एकट्याने छोट्या घसरगुंडीवर जाऊ द्या, तुम्ही बाजूला उभ्या राहा. झोक्याच्या पुढेमागे दुसरं लेकरू येणार नाही याकडे लक्ष द्या. खेळायला सोडण्याआधी गळ्यातला काळा दोरा, ताईत, मफलर काढून ठेवा. ते पाळण्यात अडकलं तर फास बसतो.

झाडं दाखवा, नावं सांगा, पडलेली पानं गोळा करू द्या. पण बिया आणि फळं तोंडात घालायची नाहीत हा नियम पक्का. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा आणि कुंपणाला लावतात ती चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, ही सगळी विषारी झाडं. चंद्रज्योतीच्या बिया गोड लागतात म्हणून मुलं खातात, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. असं झालं तर जबरदस्तीने ओकारी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. ती बी किंवा फांदी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

कुत्रं चावलं किंवा त्याचा दात नुसता लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि पुढचे डोस चुकवू नका.

पाण्याजवळ गेलात तर लेकरू हाताच्या अंतरावरच हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, गपकन खाली जातं. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात तर उतरूच नका, कारण पाणी सोडलं की बघता बघता वाढतं.

गर्दीत लेकरू हरवू नये म्हणून सकाळी निघतानाच त्या दिवसाच्या कपड्यांत त्याचा फोटो काढून ठेवा. खिशात मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा. बोलता येणाऱ्याला शिकवा, "आई दिसली नाही तर आहेस तिथेच थांब." सापडत नसेल तर बागेच्या राखणदाराला सांगा आणि 112 किंवा 1098 ला फोन करा.

सहल आईचीही असू द्या

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच घरांत सहल म्हणजे आईला दुप्पट काम. पहाटे चारला उठून धपाटे तिने करायचे, पिशवी तिने उचलायची, लेकरू तिनेच धरायचं, आणि बाकीचे फोटो काढणार. अशी बाई घरी येऊन म्हणते, "पुन्हा नाही जायची." मग लेकरांचं जाणंही बंद पडतं.

म्हणून निघण्याआधी कामं वाटून घ्या. एका घराने भाकरी-धपाटे, दुसऱ्याने चटणी, तिसऱ्याने पाणी आणि फळं. पिशवी घरातल्या पुरुषाने उचलायची. बागेत लेकरांवर लक्ष ठेवायच्या पाळ्या लावा. अर्धा तास दोघांनी राखायचं आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवायचा. बाकीच्यांनी निवांत बसायचं. "सगळेच बघतायत" असं जेव्हा होतं, तेव्हा खरं तर कुणीच बघत नसतं. पाळीत बापाचं, काकाचं, आजोबांचं नाव आलंच पाहिजे. लेकराला खाऊ घालणं, शू-शीला नेणं ही कामं बापालाही येतात. दोनदा केली की सवय होते. मोठ्या मुलीला मात्र राखणदार करू नका. ती आठ वर्षांची असली तरी तिलाही झोका हवा असतो.

आणि आपल्या गावात?

परभणीला वर्षातून दोनदा जाणं होईल. लेकराला खेळ रोज लागतो. म्हणून गावातच एखादी जागा हवी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. त्या सभेत तो पैसा कुठे गेला ते विचारा. अंगणवाडीशेजारी कुंपण घातलेली थोडी जागा, दोन सावलीची झाडं, वाळूचा ढीग, जुन्या टायरचा झोका आणि जवळच्या उघड्या विहिरीला कठडा, एवढी मागणी करा. मागणी ठरावात लिहून घ्या, सह्या करा.

पुढच्या बैठकीत या तीन गोष्टींवर बोला. आपल्या गटात सहा वर्षांखालची लेकरं किती? ती रोज कुठे खेळतात, आणि तिथे धोका काय आहे? आणि सहलीचा दिवस ठरला तर कुणाच्या घरच्या पुरुषाची पहिली पाळी? नावं वहीत लिहा, मग तारीख ठरवा.