वेब्ले रिव्हॉल्व्हर : संग्रहासाठी कोणते, नेमबाजीसाठी कोणते?

ब्रिटिश साम्राज्याच्या लष्करी अधिकाऱ्याच्या कमरेला सुमारे सहा दशके लटकलेले शस्त्र म्हणजे .४५५ बोअरचे वेब्ले रिव्हॉल्व्हर. बर्मिंगहॅमच्या वेब्ले कंपनीने १८८७ ते १९१५ या काळात या रिव्हॉल्व्हरच्या एकामागून एक सहा आवृत्त्या लष्कराला पुरविल्या. आज ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील संग्राहकांमध्ये आणि जुन्या शस्त्रांनी नेमबाजी करणाऱ्यांमध्ये वेब्लेला मोठी मागणी आहे. मात्र 'वेब्ले घ्यायचे' एवढे ठरवून भागत नाही. सहा 'मार्कां'पैकी नेमके कोणते, कोणत्या अवस्थेतील आणि कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. ती चुकली तर पैसे वाया जातातच, शिवाय हातही गमवावा लागू शकतो.

एक रचना, सहा आवृत्त्या

सर्व वेब्ले रिव्हॉल्व्हरांचे मूळ तत्त्व एकच आहे. घोड्याजवळचा खटका अंगठ्याने दाबला की शस्त्र वरून उघडते व नळी पुढे झुकते. त्याच क्षणी सिलिंडरच्या मध्यभागी असलेला तारकाकृती उत्सर्जक वर उचलला जातो आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकली जातात. घोड्यावर किंवा गर्दीत लढणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही सोय अमूल्य होती. काडतुसे एकेक करून ढकलून काढाव्या लागणाऱ्या त्या काळच्या अनेक रिव्हॉल्व्हरांपुढे वेब्ले साहजिकच सरस ठरले.

पहिली आवृत्ती, म्हणजे मार्क १, नोव्हेंबर १८८७ मध्ये स्वीकारण्यात आली. चार इंची नळी आणि पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली मूठ ही तिची ओळख. १८९४ च्या मार्क २ मध्ये काडतुसाच्या मागे येणाऱ्या भागावर कठीण पोलादाची बदलता येणारी चकती बसविली गेली; कारण स्फोटाच्या वायूने मार्क १ चा तो भाग झिजत असे. १८९७ च्या मार्क ३ मध्ये सिलिंडर जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा सुधारली. १८९९ च्या मार्क ४ मध्ये पोलादाचा दर्जा बदलला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या सुमारास ही आवृत्ती आल्याने तिला 'बोअर वॉर मॉडेल' असेच नाव पडले.

१९१३ च्या मार्क ५ मधील बदल वरवर पाहता नगण्य वाटतो. सिलिंडरचा व्यास इंचाच्या बारा हजारांश भागाने, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटरने वाढविण्यात आला. त्यामागचे कारण मात्र महत्त्वाचे होते. काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या धूरविरहित दारूने घेतली होती आणि तिचा दाब पेलण्यासाठी सिलिंडरच्या भिंती जाड करणे भाग होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यानंतर, मे १९१५ मध्ये, मार्क ६ आले. सहा इंची नळी, काढता येणारी पुढची माशी आणि चोचीऐवजी चौकोनी, भरीव मूठ हे त्याचे विशेष. महायुद्धाच्या गरजेमुळे याच आवृत्तीचे उत्पादन सर्वाधिक, काही लाखांच्या घरात झाले. १९२१ ते १९२६ या काळात एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातही मार्क ६ तयार होत होते.

नेमबाजाची पसंती

लक्ष्यावर गोळ्या झाडण्यासाठी वेब्ले हवे असेल तर निवड फारशी अवघड नाही. मार्क ६ हेच उत्तर. सहा इंची नळीमुळे मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर वाढते व नेम अधिक अचूक धरता येतो. सुमारे १.१ किलो वजन आणि हाताच्या पंजात नीट बसणारी मूठ यांमुळे धक्का सौम्य जाणवतो. शिवाय भिंतींची जाडी सर्वांत सुरक्षित. मार्क ५ चे सिलिंडरही तेवढेच भक्कम असले, तरी ती आवृत्ती थोडाच काळ बनली. दुर्मीळ शस्त्र दर रविवारी झिजविण्यात शहाणपण नाही.

मोठ्या बोअरचे शस्त्र म्हणजे जबरदस्त धक्का, असा समज सर्वसाधारणपणे असतो. वेब्लेच्या बाबतीत तो खरा नाही. .४५५ मार्क २ या प्रमाणित काडतुसाची शिशाची गोळी २६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम वजनाची असते. पण तिचा वेग सेकंदाला जेमतेम १८० मीटर. जड आणि संथ, असे तिचे वर्णन करता येईल. या गोळीचे बूड पोकळ असते. अनेक वेब्लेंमध्ये सिलिंडरच्या कप्प्यांची तोंडे नळीच्या आतील खोबणींपेक्षा किंचित अरुंद असतात. त्यामुळे गोळी नळीत सैल पडण्याचा धोका असतो. वायूच्या दाबाने पोकळ बूड फुगते आणि गोळी खोबणींना घट्ट चिकटून फिरत जाते. म्हणूनच मऊ शिशाची, पोकळ बुडाची गोळी वापरणाऱ्याला वेब्ले अचूक वाटते. कठीण धातूची किंवा सपाट बुडाची गोळी वापरणारा मात्र शस्त्राला दोष देत बसतो.

तासलेल्या सिलिंडरचा धोका

वेब्ले खरेदी करणाऱ्याने सर्वाधिक सावध राहावे अशी गोष्ट म्हणजे तासलेले सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने मोडीत काढलेली हजारो वेब्ले रिव्हॉल्व्हर्स अमेरिकेत पोहोचली. तेथे .४५५ ची काडतुसे सहज मिळत नव्हती; .४५ एसीपी ही अमेरिकी पिस्तुलाची काडतुसे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही उपलब्ध होती. व्यापाऱ्यांनी मग सिलिंडरची मागील बाजू यंत्रावर तासून कमी केली. अर्धचंद्राकृती पत्र्याच्या पट्टीत अडकवलेली .४५ एसीपी काडतुसे त्यात बसू लागली आणि शस्त्र विकले जाऊ लागले.

काडतूस बसते, म्हणजे ते झाडण्यास सुरक्षित असते, असे नाही. .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने जाते. तिची ऊर्जा वेब्लेच्या मूळ गोळीच्या दीडपटीहून अधिक भरते आणि ती निर्माण करण्यासाठी लागणारा दाबही वेब्लेच्या मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादावर, वरून उघडणाऱ्या बिजागरीच्या रचनेवर हा ताण पडतो. परिणाम लगेच दिसेलच असे नाही. आधी खटका सैल होतो, मग नळी आणि चौकट यांच्यात फट पडते आणि एखाद्या दिवशी सिलिंडरची भिंत फुटते. मार्क १ ते मार्क ४ या पातळ भिंतींच्या आवृत्त्यांत हा धोका अधिकच.

तासलेले वेब्ले ओळखणे कठीण नसते. सिलिंडरच्या मागच्या पृष्ठभागावरील क्रमांक अर्धवट वा पूर्ण नाहीसा झालेला असतो. सिलिंडर आणि मागची चौकट यांच्यात अधिक अंतर दिसते. असे शस्त्र स्वस्त मिळते आणि नवखा खरेदीदार तेथेच फसतो. ते वापरायचेच असेल, तर कारखान्यात भरलेली .४५ एसीपी काडतुसे पूर्णपणे टाळून मूळ .४५५ इतक्याच सौम्य दाबाची, जाणकाराने भरलेली काडतुसेच वापरावी लागतात. संग्राहकाच्या लेखी तर अशा शस्त्राचे मोल बरेच घटलेले असते. एकदा तासलेले पोलाद परत येत नाही.

संग्राहकाची नजर

संग्राहकाचे निकष नेमबाजापेक्षा वेगळे असतात. त्याला हवी असते दुर्मीळता, मूळ अवस्था आणि शस्त्राचा इतिहास सांगणाऱ्या खुणा. चौकट, नळी आणि सिलिंडर यांवरील क्रमांक एकच आहेत का, हे तो प्रथम पाहतो. युद्धकाळात दुरुस्तीच्या वेळी सुटे भाग अदलाबदल होत; त्यामुळे जुळणारे क्रमांक किंमत वाढवितात. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या खुणा, ब्रिटिश सरकारी मालकीचा रुंद बाण आणि सेवेतून काढून विकल्याचे दर्शविणारे समोरासमोरचे दोन बाण यांचाही अर्थ लावावा लागतो. बाणाखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर असेल, तर ते शस्त्र कधी काळी हिंदुस्थान सरकारच्या मालकीचे होते, असे समजतात.

नव्याने चकाकी दिलेले शस्त्र दिसायला देखणे असले, तरी जाणकार त्याकडे पाठ फिरवितो. घासताना खुणांच्या कडा बोथट होतात आणि मूळ रंग कायमचा जातो. कातडी म्यानातून वर्षानुवर्षे काढल्या-घातल्याने नळीच्या टोकाला पडलेली फिकट झिलई त्याला अधिक प्रामाणिक वाटते.

सहा आवृत्त्यांपैकी मार्क ६ सर्वाधिक आढळते. मार्क ५ आणि सुरुवातीच्या आवृत्त्या चांगल्या अवस्थेत मिळणे अवघड. अमेरिकेत याला कायद्याचीही एक बाजू आहे. तेथील १९६८ च्या संघराज्य कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी तयार झालेले शस्त्र 'पुरातन' गणले जाते आणि त्याच्या खरेदीवरील बहुतेक संघीय बंधने लागू होत नाहीत. राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. त्यामुळे मार्क १, २ व ३ यांतील त्या काळात बनलेली रिव्हॉल्व्हर्स तेथे अधिक मोलाची ठरतात. एकाच कारखान्यातील दोन शस्त्रांत काही महिन्यांचे अंतर असूनही भावात मोठा फरक पडतो तो यामुळेच.

वेब्लेच्या घराण्यातील सर्वांत मोलाचा मानकरी मात्र या सहांत नाही. तो म्हणजे वेब्ले-फॉसबेरी हे 'स्वयंचलित रिव्हॉल्व्हर'. त्याचा जनक जॉर्ज फॉसबेरी हा हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेचा अधिकारी होता; वायव्य सरहद्दीवरील १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. गोळी झाडल्याचा धक्का बसताच या शस्त्राचा वरचा भाग मागे सरकतो, सिलिंडरवरील नागमोडी खोबणींमुळे पुढचे काडतूस समोर येते आणि घोडाही आपोआप ताणला जातो. १९०१ पासून विक्रीस आलेले हे रिव्हॉल्व्हर चिखल-मातीत अडत असे. लष्कराने ते अधिकृतरीत्या कधीच स्वीकारले नाही. एकूण उत्पादन पाच हजारांच्या आत राहिले. लिलावात त्याला मिळणारी किंमत साध्या मार्क ६ च्या कितीतरी पट असते.

जोडीच्या वस्तूंबाबतही सावधगिरी हवी. मार्क ६ च्या नळीला लावण्याची प्रिचर्ड संगीन पहिल्या महायुद्धात अगदी थोड्या संख्येने बनली. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक संगिनी नंतरच्या नकला आहेत.

कायद्याची चौकट

ब्रिटनमध्ये, म्हणजे वेब्लेच्या जन्मभूमीतच, आता हे शस्त्र बाळगणे सोपे राहिलेले नाही. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे एका शाळेत झालेल्या गोळीबारात सोळा मुले आणि एक शिक्षिका मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये खासगी पिस्तुले-रिव्हॉल्व्हरांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. ऐतिहासिक महत्त्वाच्या शस्त्रांना मर्यादित सवलत आहे. त्यांतील काही केवळ बिस्लीसारख्या नियुक्त ठिकाणीच ठेवून तेथेच झाडता येतात.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ लागू आहे. .४५५ चा समावेश 'प्रतिबंधित बोअर'मध्ये होत असल्याने त्याचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. केंद्र सरकारची परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. क्रीडा म्हणूनही .४५५ ला येथे स्थान नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सेंटर फायर पिस्तूल प्रकारात कमाल बोअर ९.६५ मिलिमीटर आहे; .४५५ चा व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास भरतो. वेब्लेची रचना मात्र भारतात टिकून आहे. कानपूरच्या आयुध कारखान्यात बनलेली .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर्स, २०१४ मध्ये आलेल्या 'निर्भीक'सह, वेब्लेच्याच धाटणीची, वरून उघडणारी आहेत.

जुन्या लष्करी वा पोलीस अधिकाऱ्यांच्या, संस्थानिकांच्या घराण्यांत आजही एखादे वेब्ले कपाटात असू शकते. 'आजोबांची आठवण' म्हणून ते तसेच ठेवले जाते. कायद्याची सवलत केवळ अशा पुरातन वा मोडक्या शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही वापरता येणार नाही. वेब्लेची घडण इतकी मजबूत, की शंभर वर्षांनंतरही बहुतेक शस्त्रे थोड्याशा दुरुस्तीने चालू होतात. म्हणजेच ती या सवलतीत बसत नाहीत. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी विनाविलंब ते शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मग स्वतःच्या नावे परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा, हाच मार्ग आहे. विनापरवाना बाळगलेले शस्त्र, मग ते कितीही जुने असो, कायद्याच्या दृष्टीने गुन्हाच ठरते.

थोडक्यात, जेथे कायदा परवानगी देतो तेथे नेमबाजाने सिलिंडर न तासलेले मार्क ६ निवडावे आणि त्याला सौम्य, पोकळ बुडाची गोळीच द्यावी. संग्राहकाने चकाकीपेक्षा जुळणाऱ्या क्रमांकांवर आणि मूळ खुणांवर भर द्यावा. दोन्ही हौशी एकाच शस्त्राने भागविण्याचा मोह टाळलेला बरा. कारण झाडलेली प्रत्येक गोळी जुन्या पोलादाचे आयुष्य थोडे कमी करीत असते.