पहिलं चित्र घेताना

सरसच्या प्रदर्शनाला जाऊन आलेल्या बायका एक प्रश्न नेहमी विचारतात. वारली चित्रं आवडतात, एखादं घरात किंवा गटाच्या खोलीत लावावंसं वाटतं. पण हातचं कोणतं, छापील कोणतं आणि किंमत वाजवी आहे की नाही, हे कसं ओळखायचं? आज त्याबद्दल बोलू.

चित्र विकत घेणं हे श्रीमंतांचं काम, असं आपण धरून चालतो. पण वारली चित्र मुळात बायकांच्याच हातचं. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हारकडे लग्नघरी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात. शेणाने किंवा गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि चौकात पालघट देवी. १९७० नंतर ही कला कागदावर आणि कापडावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती परदेशापर्यंत नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी बाजारात वारली म्हणून विकलं जाणारं प्रत्येक चित्र हाताने काढलेलं नसतं.

हातचं चित्र ओळखायला ते उजेडात तिरपं धरा. पांढरा रंग जरा उठून आलेला दिसतो. रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते. तारप्याभोवती नाचणारी माणसं नीट पाहा, दोन माणसं अगदी सारखी नसतात. छापील चित्र सपाट असतं, आणि गठ्ठ्यातली दोन चित्रं शेजारी ठेवली तर रेघ न् रेघ जुळते. छापील घेऊच नये असं नाही, पण त्याला हातच्याची किंमत देऊ नये.

मग विचारा: ताई, हे कोणी काढलं? गाव कोणतं? रंग पिठाचा की बाजारचा? किती दिवस लागले? ज्यांनी स्वतः काढलंय, त्या चित्रातली गोष्टही सांगतात.

दिवस कळले की किंमतीचा हिशोब करता येतो. समजा, चित्र ३,००० रुपयांचं आहे आणि सहा दिवस लागले. कापड, रंग, प्रवास यांचे ६०० वजा केले, तर २,४०० उरतात. म्हणजे दिवसाला ४०० रुपये. आता त्यातले हजार कमी करा म्हणायचं का, ते आपणच ठरवावं. आपल्या पापडाला कोणी निम्मा भाव मागितला की आपल्याला कसं वाटतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

पैसे दिले की पावती घ्या. तिच्यावर कलाकाराचं नाव, गाव, आकार, तारीख आणि किंमत असावी. चित्राच्या मागेही नाव लिहून घ्या. आणखी एक गोष्ट गटांनी लक्षात ठेवावी. तयार चित्र विकत घेतलं, तरी ते पिशव्यांवर किंवा साड्यांवर छापायचा हक्क आपल्याला मिळत नाही. तो कलाकाराकडेच राहतो. छापायचं असेल तर तिची लेखी परवानगी घ्या आणि मोबदला ठरवा.

चित्र म्हणजे सोनं नव्हे, अडीअडचणीला ते गहाण पडत नाही. म्हणून त्यासाठी अंतर्गत कर्ज काढू नका, बचतीलाही हात लावू नका. दहा जणींनी महिन्याला २५ रुपये वेगळे ठेवले, तर वर्षात ३,००० जमतात. तसा ठराव इतिवृत्तात लिहा.

घरी आणल्यावर काच लावून फ्रेम करा. काच चित्राला टेकू देऊ नका. ओल येणारी भिंत, चुलीचा धूर आणि थेट ऊन टाळा. ओल्या फडक्याने चित्र कधीच पुसू नका, पिठाचा रंग निघून येतो.

आणि चित्राखाली एक चिठ्ठी लावा: काढणारीचं नाव आणि गाव. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या कितीतरी जणींची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. निदान आपल्या भिंतीवरच्या चित्राला तरी नाव असू द्या.