जपानी सनस्क्रीन : आपल्या त्वचेला कोणते मानवेल?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार दिसतो. कुणाच्या मुलीने मोबाइलवरून जपानी सनस्क्रीन मागविले आहे आणि ते लावू द्यावे की नाही, असा आईला प्रश्न पडला आहे. कुणाचा पुतण्या नोकरीनिमित्त जपानला असतो. त्याने येताना काकूसाठी बाटली आणली, पण तिच्यावरचा सगळा मजकूर जपानी लिपीत असल्याने ती कपाटात तशीच पडून आहे. एका भगिनीने लिहिले आहे, "एवढी महागाची बाटली वर्षभर पुरवून पुरवून वापरली, तरी गालांवरचे वांगाचे डाग कमी झाले नाहीत. जपानी मालातही आता दम राहिला नाही का?" उणीव मालात आहे की निवडण्यात आणि वापरण्यात, हे आज पाहू.

प्रथम एक खुलासा करतो. सनस्क्रीन हे गोरे होण्याचे औषध नव्हे. जपानी भाषेत त्याला 'हियाकेदोमे' म्हणतात. 'हि' म्हणजे सूर्य, 'याके' म्हणजे भाजणे आणि 'दोमे' म्हणजे थांबविणारे. उन्हाने त्वचा भाजू अथवा रापू न देणे एवढेच त्याचे काम. गोरेपणाचे वेड जपानमध्येही जुने आहे. 'गोरा रंग सात दोष झाकतो' अशा अर्थाची म्हण तिथे आहे. परंतु आपला मूळ रंग बदलेल या आशेने कुणी ही बाटली घेत असेल, तर ते पैसे वाचवावेत हे बरे.

मग आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या लोकांना सनस्क्रीनची गरज काय? आपल्या त्वचेतील मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने त्वचेचा कर्करोग आपल्यात कमी आढळतो. पण हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी आपल्याकडे चटकन चेततात. ऊन लागले की वांगाचे डाग गडद होतात, मुरूम बरे झाले तरी त्यांच्या जागी काळे व्रण महिनोन् महिने राहतात. काहींना उन्हाची ॲलर्जी असते. मुरमांवर दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनीही ऊन सोसत नाही. अशांसाठी सनस्क्रीन ही चैन नसून उपचाराचा भाग आहे.

आकडे काय सांगतात?

बाटलीवर एसपीएफ आणि पीए ही दोन अक्षरचिन्हे असतात. सूर्याच्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांपैकी 'बी' किरण त्वचा लाल करतात, भाजतात. त्यांच्यापासून किती संरक्षण मिळते ते मुख्यतः एसपीएफ सांगतो. नीट लावल्यास एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन यांपैकी सुमारे सव्वातीन टक्के किरण आत जाऊ देते, तर एसपीएफ ५० असलेले दोन टक्के. म्हणजे आकड्यांत मोठा दिसणारा फरक प्रत्यक्षात तेवढा नाही.

'ए' किरण त्वचेत खोलवर जातात, रंग काळवंडवतात, सुरकुत्या आणतात. ते ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी पीए हे चिन्ह. ते मूळ जपानचेच. तेथील सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या संघटनेने १९९६ मध्ये ते सुरू केले. तेव्हा तीन अधिक-चिन्हांपर्यंत श्रेणी होती, २०१३ पासून चौथे चिन्ह आले. आता आपल्या देशी बाटल्यांवरही पीए दिसते, ते तिथूनच आले आहे. वांग असलेल्यांनी एसपीएफपेक्षाही या चिन्हाकडे लक्ष द्यावे.

डिसेंबर २०२२ पासून जपानने आणखी एक खूण आणली आहे. पाण्यात संरक्षण टिकण्याची चाचणी उत्तीर्ण झालेल्या मालावर एक किंवा दोन तारे असतात. एक तारा म्हणजे पाण्यात एकूण ४० मिनिटांची चाचणी आणि दोन तारे म्हणजे ८० मिनिटांची. पोहणाऱ्यांनी ही खूण पाहावी. शेतात किंवा मैदानावर घाम गाळणाऱ्यांनाही तिचा अंदाज म्हणून उपयोग होतो.

आता गंमत अशी, की जपानी दुकानांतील चेहऱ्याच्या पुष्कळ सनस्क्रीनवर एसपीएफ ५०+ व पीए++++ हेच लिहिलेले असते. मग निवड कशावरून करायची? ते कशात कालवले आहे, यावरून. आपल्याकडे डाळीचे पीठ आणि हळद तीच असते, पण कोरड्या कातडीची आजी ती सायीत कालवते आणि तेलकट चेहऱ्याची नात गुलाबपाण्यात. इथेही तसेच आहे.

आधी आपली त्वचा ओळखा

सौम्य साबणाने चेहरा धुऊन टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. नंतर कपाळ, नाक व गालांवर पातळ कागद हलकेच दाबा. सगळीकडे तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ व नाकाजवळ उमटले तर मिश्र. कागद कोराच राहिला आणि चेहरा ओढल्यासारखा वाटला तर कोरडी. साबण, क्रीम, पावडर यांनी नेहमीच आग, खाज वा लाली येत असेल तर ती संवेदनशील समजावी.

तेलकट व मुरूम येणारी त्वचा : जपानमध्ये जून-जुलैत पाऊस आणि त्यानंतर दमट उन्हाळा असतो. त्यामुळे चिकट न वाटणारी, पाण्यासारखी पातळ सनस्क्रीन तिथे फार लोकप्रिय आहेत. 'जेल', 'एसेन्स' आणि 'मिल्क' या प्रकारांत ती मिळतात. लेबलवरचा 'सारासारा' हा शब्द म्हणजे लावल्यावर कोरडे, हलके वाटणारे. काओ कंपनीचे बिओरे यूव्ही ॲक्वा रिच वॉटरी एसेन्स हे याचे परिचित उदाहरण. शिसेइदो कंपनीच्या अनेसासारखे 'मिल्क' घामात अधिक टिकते. त्याच्या बाटलीत दोन थर असतात व आत एक गोळी खुळखुळते. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवूनच ते घ्यावे, नाहीतर नुसते वरचे पाणी चेहऱ्याला लागते. मात्र असे घट्ट बसणारे सनस्क्रीन रात्री नीट धुऊन काढले पाहिजे. साबणाने निघते की वेगळे क्लेन्झर लागते, हे बाटलीवर लिहिलेले असते.

कोरडी त्वचा : या मंडळींनी वरील पातळ प्रकारांपासून जरा जपून असावे. त्यांतील हलकेपणा बऱ्याचदा अल्कोहोलमुळे येतो. लावताना गार वाटते, पण कोरड्या त्वचेला ते आणखी कोरडे करते. जपानमध्ये २००१ पासून प्रसाधनांवर सर्व घटक लिहावे लागतात आणि ज्याचे प्रमाण जास्त तो आधी येतो. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर 'इथेनॉल' दिसले तर ती बाटली तेलकट त्वचेच्या बहिणीला द्यावी. आपण 'क्रीम' प्रकार आणि 'शित्तोरी', म्हणजे ओलसर-मऊ, हा शब्द शोधावा. ग्लिसरीन, हायलुरोनिक ॲसिड, सेरामाइड हे घटक असल्यास उत्तम.

मिश्र त्वचा : जेल बहुधा मानवते. हिवाळ्यात गाल उलत असतील तर त्याखाली गालांपुरते साधे मॉइश्चरायझर लावावे.

संवेदनशील त्वचा : जपानी भाषेत हिला 'बिन्कान हादा' म्हणतात. रासायनिक शोषक घटकांनी ज्यांच्या डोळ्यांची आग होते वा पुरळ येते, त्यांनी फक्त झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्यावे. अशा बाटलीवर जपानी लिपीत 'नॉन-केमिकल' असे लिहिलेले असते. झिंक ऑक्साइड आपल्याला नवे नाही, घामोळ्यांवरच्या कॅलामाइन लोशनमध्ये तेच असते. तोटा एवढाच, की आपल्या रंगावर त्याचा पांढरट थर दिसतो.

वांग असलेली त्वचा : डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा सावळ्या त्वचेवरील वांग वाढवतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन काही प्रमाणात अडवते. म्हणून वांगासाठी रंगीत प्रकार निवडावा. पण 'टोन-अप' लिहिलेल्या जांभळट वा गुलाबी छटेच्या सनस्क्रीनला त्यात धरू नये. ते चेहरा तात्पुरता उजळ दाखवण्यासाठी असते, आणि गव्हाळ चेहऱ्यावर तर राख फासल्यासारखे दिसते.

वरील नावे केवळ उदाहरणादाखल दिली आहेत. कंपन्या घटक अधूनमधून बदलतात, तेव्हा नावापेक्षा लेबलवर भरवसा ठेवावा. जपानी लिपी येत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिचा अनुवाद करून घेता येतो.

जपानी म्हणजे निर्धोक?

असे गृहीत धरू नये. २०१३ मध्ये जपानमधील कानेबो या नामवंत कंपनीला रोडोडेनॉल हा घटक असलेली त्वचा उजळवणारी प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्या हजारो लोकांच्या चेहऱ्यावर व हातांवर कोडासारखे पांढरे डाग पडले. ती सनस्क्रीन नव्हती, हे खरे. पण देशाच्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकू नये, एवढे त्यावरून शिकावे. कोणतेही नवे सनस्क्रीन आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोड्याशा जागेवर लावून पाहावे. खाज-लाली आली नाही तरच चेहऱ्याला लावावे. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र सनस्क्रीन लावूच नये. त्याला सावली आणि सुती अंगडे हेच योग्य.

किती लावावे?

सर्वांत जास्त चूक इथे होते. बाटलीवरचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा थर देऊन काढलेला असतो. आपण बहुतेकजण त्याच्या निम्मेही लावत नाही, त्यामुळे ५०चा आकडा नुसता बाटलीवरच राहतो. जपानमधील त्वचारोगतज्ज्ञ एक सोपी रीत सांगतात. पातळ सनस्क्रीन एक येनच्या नाण्याएवढे, म्हणजे दोन सेंटिमीटर रुंदीच्या थेंबाएवढे, तळहातावर घ्यावे व चेहऱ्यावर पसरावे. मग पुन्हा तेवढेच घेऊन दुसरा हात द्यावा. मान आणि कान यांसाठी वेगळे घ्यावे.

आता हिशेब करू. नुसत्या चेहऱ्याला एका वेळी साधारण एक ग्रॅम लागते. म्हणजे ५० ग्रॅमची नळी दिवसातून एकदाच लावली तरी पन्नास दिवसांत संपायला हवी. उन्हात काम असेल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते, मग ती आणखी लवकर संपेल. जी बाटली वर्षभर पुरली, तिने संरक्षण दिलेच नाही असे समजावे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा यातच आहे. वांगासाठी त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवावे, परंतु कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडयुक्त ट्यूब चेहऱ्याला चोळू नये.

म्हणूनच मी रुग्णांना सांगतो, की भरपूर लावायला हात आखडेल एवढे महाग सनस्क्रीन घेऊच नका. चांगल्या पीए श्रेणीचे, आपल्या त्वचेला मानवणारे देशी सनस्क्रीन पुरेसे लावले, तर ते जपून जपून लावलेल्या जपानी सनस्क्रीनपेक्षा अधिक उपयोगी पडते.

खरेदी करताना

भारतात रीतसर आयात झालेल्या प्रसाधनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल आणि किंमत संशयास्पद कमी असेल तर घेऊ नये, कारण खपणाऱ्या मालाची नक्कलही होते. थेट जपानमधून आणलेल्या बाटलीवर मुदतीची तारीख शोधून सापडत नाही. न उघडता तीन वर्षांहून अधिक टिकणाऱ्या प्रसाधनावर ती छापण्याचे बंधन तेथे नाही. तेव्हा आणणाऱ्याला खरेदी कधी केली ते विचारावे, बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी आणि त्या हंगामातच ती संपवावी. स्कूटरच्या डिकीत अथवा उन्हातल्या गाडीत ती ठेवू नये.

शेवटी एक गोष्ट सांगतो. इतकी उत्तम सनस्क्रीन घरात असूनही जपानी स्त्रिया उन्हाळ्यात छत्री घेऊन आणि हातमोजे घालून बाहेर पडतात. २०१९ मध्ये तर तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने पुरुषांनीही उन्हात छत्री वापरावी म्हणून मोहीम काढली होती. आपले एप्रिल-मेचे ऊन त्याहून कडक. सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत शक्य तेवढी सावली धरावी, डोक्यावर पदर, टोपी, रुमाल वा छत्री असावी, आणि जो भाग उघडा राहील त्याला सनस्क्रीन लावावे. शेतात वा रस्त्यावर काम करणाऱ्या ज्यांना ही बाटली परवडत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी हेही चांगले संरक्षण आहे, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही.