छोट्या कुत्र्याचा स्वेटर : ऊब हवी, पण मापात

निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी आली, की नाशिकच्या घराघरांत कपाटातल्या लोकरीच्या पिशव्या बाहेर निघतात. आमच्या शेजारच्या काकूंनी गेल्या हिवाळ्यात अशीच पिशवी काढली, ती त्यांच्या चिकूसाठी. चिकू ही अकरा वर्षांची, साडेतीन किलो वजनाची मिनिएचर पिन्शर जातीची कुत्री. सकाळी फिरायला नेलं की ती कुडकुडायची. काकूंनी नातवाच्या जुन्या स्वेटरवरून माप घेतलं आणि तीन दिवसांत नवा विणून काढला. पण तो अंगात घालताच चिकू जागच्या जागी थिजली. एक पाऊल पुढे टाकेना. ‘‘अगं, आवडला नाही वाटतं हिला,’’ काकू हिरमुसून म्हणाल्या. पण प्रश्न आवडीचा नव्हता. स्वेटर बाळाच्या अंगाचा होता, कुत्र्याच्या नाही.

कुत्र्याला स्वेटर घालणं हे काहींना निव्वळ कौतुक वाटतं. काही कुत्र्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण काहींना त्याची खरोखर गरज असते. ती कोणाला, हे आधी समजून घेऊ.

लहान अंगाला थंडी जास्त का?

कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपण ज्याला ताप म्हणू, ती त्याची रोजची ऊब. ही उष्णता शरीराच्या आत तयार होते आणि त्वचेवाटे बाहेर जाते. आता दहा सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा आणि वीस सेंटिमीटर बाजूचा दुसरा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्याचं आकारमान पहिल्याच्या आठपट, पण पृष्ठभाग फक्त चौपट. म्हणजे आकारमानाच्या मानानं लहान ठोकळ्याचा पृष्ठभाग दुप्पट. लहान कुत्र्याचं तसंच असतं. उष्णता तयार करणारं शरीर थोडं आणि ती गमावणारी त्वचा त्या मानानं जास्त.

त्यात केसांचा प्रश्न. पोमेरेनियन, हस्की, लॅब्रॅडॉर यांच्या अंगावर वरच्या केसांखाली मऊ, दाट केसांचा आणखी एक थर असतो. त्यात हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. अशा कुत्र्यांना आपल्याकडच्या थंडीत स्वेटर लागत नाही. उलट तो केस दाबतो, गुंता करतो. चिवावा, मिनिएचर पिन्शर, आखूड केसांचा डॅशहाउंड यांच्याकडे हे पांघरूण नसतं. म्हातारी, किडकिडीत, आजारातून उठलेली कुत्री आणि लहान पिल्लं यांनाही थंडी लवकर बाधते. नवजात पिल्लांना तर पहिले काही दिवस नीट कुडकुडताही येत नाही. त्यांना स्वेटर नको, आईची कूस आणि उबदार कोपरा हवा. धडधाकट देशी कुत्र्याला बहुधा वाऱ्याच्या आडोशाला कोरडं गोणपाट अंथरलेलं पुरतं.

बाळाचं माप का चालत नाही?

आपले हात खांद्यांच्या बाजूंना असतात. कुत्र्याचे पुढचे पाय छातीखाली असतात. शिवाय आपल्याला असतं तसं गळ्याखालचं भक्कम हाड कुत्र्याला नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला स्नायूंनीच जोडलेले असतात आणि चालताना खांद्याची पाती पुढे-मागे सरकतात. स्वेटर तिथे घट्ट झाला, की पाऊल पडत नाही आणि काखेत घासून चट्टे उठतात. चिकू थिजली ती यामुळे.

म्हणून मापं कुत्र्याचीच घ्यावीत, तेही तो उभा असताना. गळापट्टा बसतो तिथला घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, गळ्यापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतची लांबी, गळ्यापासून पुढच्या पायांपर्यंतचं अंतर आणि दोन पुढच्या पायांमधलं अंतर. घेराच्या मापांत थोडी सैल धरावी. चिकूचा गळा २६ सेंटिमीटर, छाती ४० सेंटिमीटर. आम्ही ती २८ आणि ४४ धरली.

आधी लहानसा नमुना विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावं. काकूंच्या हातानं वीस बसले. मग हिशेब सोपा झाला. पाठीचा आणि पोटाचा असे दोन भाग. पाठीसाठी ४० टाके, पोटासाठी १६. गळ्याकडचे पाच सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट. ही वीण ताणली जाते, त्यामुळे डोकं सहज आत जातं. पुढे एक ओळ सोडून एक, दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवत पाठीचा भाग ६० टाक्यांपर्यंत आणि पोटाचा २८ पर्यंत नेला. पाठीचा भाग शेपटीच्या बुंध्याच्या पाच सेंटिमीटर अलीकडे थांबवला. पोटाचा त्याहून बराच आखूड ठेवला, म्हणजे लघवीनं ओला होत नाही. नर कुत्र्यासाठी तो आणखी आखूड हवा. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा दोन सुलट, दोन उलट विणले, की कड गुंडाळली जात नाही. दोन्ही भाग बाजूंनी शिवताना पुढच्या पायांसाठी सात-आठ सेंटिमीटरची फट सोडली. घातल्यावर गळ्याशी आणि काखेत दोन बोटं सहज गेली, की माप बरोबर.

लोकर मऊ आणि धुता येणारी घ्यावी. दुकानात मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते. ती टोचत नाही, धुवायला सोपी, पण आगीजवळ वितळते. तेव्हा शेकोटीपासून कुत्र्याला लांब ठेवावं. मेंढीची अस्सल लोकर दमट हवेतही ऊब देते, पण काहींच्या त्वचेला खाजते. कोणताही स्वेटर भिजला तर लगेच काढावा. ओला स्वेटर ऊब देण्याऐवजी अंगातली ऊब ओढून घेतो.

घालणं सोपं, काढणं महत्त्वाचं

आपल्याकडे पहाटे आठ अंश असतात आणि दुपारी अठ्ठावीस. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर काढतो. सकाळी घातलेला स्वेटर दुपारी अंगावर राहिला, तर तोच त्रास होतो. ऊन तापलं की काढायचा. धापा, लाळ, अस्वस्थपणा दिसला तर ताबडतोब. रोज काढून काख, पोट, गळा बघायचा. लालसरपणा, ओल, गोचीड हे सगळं स्वेटरखाली लपतं.

बटणं, गोंडे, लोंबते धागे नकोत. कुत्रा ते चघळतो. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकून आतडं कापू शकतो आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. तोंडातून किंवा शौचाच्या जागी धागा लोंबताना दिसला तर ओढू नये, थेट पशुवैद्य गाठावा. त्यामुळे एकटं सोडताना स्वेटर काढलेलाच बरा.

प्रत्येक कापरं थंडीचं नसतं

दुसरा स्वेटर चिकूला नीट बसला. ती अंगणात दुडुदुडु चालली आणि काकूंचा चेहरा उजळला. पण चार दिवसांनी भर दुपारी, घरात, उबेत बसूनही चिकू थरथरत होती. काकू आणखी जाड लोकर आणायला निघाल्या होत्या. त्यांना थांबवून आम्ही पशुवैद्याकडे गेलो. डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवला आणि एका जागी चिकू कळवळली. पाठीचं दुखणं होतं.

थंडीचं कापरं ऊब मिळाली की थांबतं. न थांबणारं कापरं दुखण्याचं, भीतीचं, विषबाधेचं किंवा फार लहान पिल्लांत रक्तातली साखर उतरल्याचं असू शकतं. सोबत सुस्ती, उलटी, खाण्यावरची वासना जाणं किंवा लंगडणं असेल, तर दिवस घालवू नये. आपल्या घरातल्या वेदनेच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आपल्याला चालणारी काही औषधं त्याच्या जिवावर बेततात.

चिकूला औषध लागू पडलं. आता ती सकाळी सहाला स्वेटर घालून निघते आणि साडेनऊला काकू तो काढून दोरीवर वाळत टाकतात. काढताना रोज एकदा तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवतात. ‘‘लोकरीचं काम लोकर करते,’’ त्या म्हणतात, ‘‘दुखतंय का ते हातालाच कळतं.’’